देशी प्रजातींच्या कामासाठी ग्रँट मागताय? मग या चुका टाळा

वर्षाची सुरुवात झाली की माझ्याकडं प्रपोजल यायला लागतात. खानापूरच्या कॉलेजातली पोरं, निपाणीचे एखादे प्राध्यापक, बेळगावात पीएचडी करणारी मुलगी, कधी चंदगडकडचं कुणी, सगळ्यांचं म्हणणं एकच, "सर एकदा नजर टाका की, उद्या शेवटची तारीख आहे." विषय चांगले असतात, पोरं मेहनती असतात, जांबोटीच्या पावसात जळवा अंगावर घेऊन फिरायची तयारी असते. पण चुका वर्षानुवर्षं त्याच. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. वनस्पती असो, किडे असो, बेडूक असो, आपल्या भागातल्या देशी प्रजाती ओळखायच्या, त्यांचं वर्गीकरण करायचं, नोंद ठेवायची, या कामाला पैसे मुळातच कमी मिळतात. जे मिळतात ते कुठं जायला पाहिजेत हेच बहुतेकांनी ठरवलेलं नसतं.

"नवीन प्रजाती सापडेल" हे उद्दिष्ट म्हणून लिहू नका

सापडेलही. आपला बेळगावकडचा पट्टाच तसा आहे. बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ल्यातून 2007 साली गेगेनिओफिस म्हादेइएन्सिस हा बिनपायाचा उभयचर शास्त्राला नवीन म्हणून नोंदला गेला, त्याच्या आधी 2003 ला आंबोलीतून गेगेनिओफिस डॅनिएली. पण प्रपोजल तपासणाऱ्याला तुमची आशा नको असते, त्याला प्रश्न पाहिजे असतो. या गटाचा शेवटचा नीट अभ्यास आपल्या भागात कधी झाला, कुणी केला, नमुने कुठं आहेत, कुठल्या प्रजातींबद्दल माहितीच पुरेशी नाही, हे चार ओळीत लिहा. आणि गट निवडताना जरा धाडस करा की. दहातली आठ प्रपोजल फुलपाखरं नाहीतर पक्षी. मला दोन्ही आवडतात, पण त्यांच्यावर माणसं भरपूर आहेत. सड्यावरच्या (म्हणजे उघड्या, सपाट खडकाळ पठारावरच्या) गोगलगायी, शेवाळं, गांडुळं, अळंबी, परजीवी गांधीलमाश्या, यांच्याकडं बघायला कुणी नाही. देणाऱ्या संस्थेनं "प्राधान्य दुर्लक्षित गटांना" असं छापलेलं असतं आणि खाली आपण फुलपाखरांची चेकलिस्ट पाठवतो, मग नाकारलं म्हणून रुसून बसतो.

सगळ्यात मोठी चूक : गोळा करायला पैसे, ठेवायला आणि ओळखायला शून्य

यावर मी जास्त लिहिणार आहे कारण यानं झालेलं नुकसान मी डोळ्यानं बघितलंय.

सीमाभागातल्याच एका कॉलेजला (नाव नको) कणकुंबी-जांबोटी पट्ट्यातल्या जांभ्या सड्यांवरच्या वनस्पतींची नोंद करायला बरे पैसे मिळाले होते. बजेट काय तर चांगला कॅमेरा, मॅक्रो लेन्स, लॅपटॉप, गाडीभाडं, विद्यार्थ्यांचा प्रवास, आणि शेवटच्या ओळीत किरकोळ खर्च. पोरांनी काम मनापासून केलं. जुलै-ऑगस्टात सड्यावर जाऊन सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद म्हणजे ते इरिओकॉलॉन, बारीक बारीक गवतं, सगळं आणलं, वर्तमानपत्रात दाबलं. पण त्या हवेत कागद रोज बदलावा लागतो, निदान पहिला आठवडा तरी, आणि खाली-वर ऊब पाहिजे. ते करायला माणूस नाही, वाळवायची पेटी नाही, टीपकागदाला पैसे नाहीत, कारण ते कुणी मागितलेच नव्हते. गठ्ठे सुतळीनं बांधून लॅबमधल्या कपाटावर ठेवले गेले. फोटो मात्र झकास आले, पोस्टर झालं, बक्षीसही मिळालं.

पुढं एका जाणकार बाईंनी त्या फोटोतलं एक इरिओकॉलॉन बघून विचारलं, हे वेगळं वाटतंय, नमुना बघायला मिळेल का? आता या गटाची अडचण अशी आहे की वरून सगळे सारखेच, पांढरी टिकलीएवढी डोकी. खरी ओळख आतल्या फुलांच्या भागांवरून आणि बियांच्या सालीवरच्या नक्षीवरून पटते, तीही मायक्रोस्कोपखाली. फोटोत ते काही दिसत नाही. गठ्ठा सोडला तेव्हा मी तिथंच होतो. कागद एकमेकांना चिकटलेले, डोकी काळी पडून बोट लावलं की भुगा, आणि किड्यांनी कोरून पाडलेली बारीक भोकं. चिठ्ठ्या जेल पेननं लिहिलेल्या होत्या, शाई पसरून निळा डाग उरलेला. पुन्हा जाऊन आणू म्हटलं तर त्या सड्याच्या त्याच टोकाला चिऱ्याची खाण लागलेली. म्हणजे ती वनस्पती कोण होती हे आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि त्या प्रोजेक्टचे पैसे तर सगळे खर्च झालेले, हिशोब पैशापैशाचा बरोबर.

म्हणून माझी सवय सांगतो. बजेट मी उलटं लिहितो, शेवटापासून. आधी नमुना कुठल्या संग्रहात कायमचा राहणार ते ठरवायचं, त्या संग्रहाला फोन करून ते घेतील का विचारायचं, मग तिथपर्यंत तो सुखरूप पोचायला काय लागेल ते लिहायचं. टीपकागद, पन्हळी पुठ्ठे, बल्ब लावलेली वाळवणपेटी, 42 बाय 28 सेंटीमीटरचे जाड हर्बेरियम कागद (हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह), कीड मारायला डीप फ्रीझर (पूर्वी पाऱ्याचं विषारी मीठ लावायचे, पोरांच्या हातात ते देऊ नका), नमुने सांभाळायला अर्धवेळ का होईना पण एक माणूस. आणि तज्ज्ञाचा वेळ. तज्ज्ञ फुकट ओळखून देतील हे धरून चालू नका. देशात गटागटाचे जाणकार हाताच्या बोटावर मोजण्याइतके उरलेत, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं 1999 साली आयकॉपटॅक्स ही देशपातळीवरची टॅक्सॉनॉमीची, म्हणजे प्रजाती ओळखून वर्गीकरण करायच्या शास्त्राची, योजना काढली ती याच कारणानं. त्यांना पुण्याहून इकडं यायचा खर्च, राहायची सोय, किंवा तुम्ही नमुने घेऊन तिकडं जाऊन आठवडाभर बसायचा खर्च, हे सरळ मागा. एकूण रकमेतला निदान तिसरा हिस्सा फील्डनंतरच्या कामाला ठेवावा असं माझं मत आहे. कॅमेरा कुणाचा तरी मागून आणता येतो.

आणि नीट ठेवलेला नमुना काय करतो ते बघायला लांब जायला नको. भीमगडच्या जंगलातल्या बारापेडे गुहांमधलं रॉटनचं वटवाघूळ ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ऑल्डफील्ड थॉमस यांनी 1913 साली वर्णन केलं, नमुना लंडनच्या संग्रहात. पुढं कितीतरी दशकं ते जगात फक्त इथंच माहीत होतं, नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. ते तेच हे, असं ठामपणे म्हणता आलं कारण ताडून बघायला मूळ नमुना जागेवर होता.

पाऊस कुणाची वाट बघत नाही

दुसरी दुखरी गोष्ट. मंजुरीचं पत्र येतं, सगळे खूश, आणि पहिला हप्ता खात्यावर पडतो ऑक्टोबरात. तोपर्यंत सडा पिवळा पडलेला असतो. आपल्याकडचं निम्मं काम जून ते सप्टेंबरात असतं, बेडूक पहिल्या पावसात ओरडतात, बिनपायाचे उभयचर ओल्या दगडाखाली तेव्हाच मिळतात, गेंद आणि सीतेची आसवं ऑगस्ट-सप्टेंबरात. मग पोरं काय करतात, 31 मार्चच्या आत पैसे संपवायचे म्हणून हिवाळ्यात गाडी काढून फिरतात आणि रिपोर्टमध्ये वाळकी गवतं. एका ठिकाणी तर दोन वर्षांच्या प्रोजेक्टमध्ये एकही पावसाळा हाती लागला नाही, पहिला पैशाअभावी गेला आणि दुसऱ्या वर्षी हप्ता यूसी, म्हणजे पैसे कशावर खर्चले याचा दाखला, वेळेवर न गेल्यामुळं अडकला. दोष त्या पोरांचा नव्हता, पण कालावधी लिहिताना कुणीतरी कॅलेंडर उघडायला हवं होतं. प्रपोजलमध्ये महिने लिहू नका, पावसाळे लिहा : "दोन पूर्ण पावसाळे आणि त्यानंतर ओळखीसाठी सहा महिने". तपासणाऱ्याला ते लगेच पटतं. कारवीवर काम करणार असाल तर आणखी सावध, ती सात-आठ वर्षांनी फुलते, तुमच्या प्रोजेक्टच्या सोयीनं नाही. आणि यूसी म्हणजे तो 12-ए फॉर्म, कॉलेजच्या अकाउंट्स सेक्शनला फेब्रुवारीतच आठवण करा, हेडप्रमाणं खर्चाची वही स्वतः ठेवा. हे कंटाळवाणं काम आहे पण पुढचा हप्ता त्यावरच अडतो.

जुन्या नोंदी फक्त कर्नाटकात शोधणं

1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं. त्यामुळं इथल्या जुन्या वनस्पतींचे नमुने पुण्याच्या बीएसआयच्या (बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया) हर्बेरियममध्ये, मुंबईच्या सेंट झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये आणि थेट इंग्लंड-स्कॉटलंडात आहेत. थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर जो ग्रंथ काढला त्यात बेळगावच्या नोंदी भरपूर आहेत. तरी प्रपोजलमध्ये "या भागाचा पूर्वी अभ्यास झालेला नाही" हे वाक्य येतंच, आणि ते वाचलं की मी पुढचं पान उलटत नाही. ऑनलाइन शोधताना गावाची जुनी-नवी सगळी स्पेलिंगं टाकून बघा. पुणे आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं हर्बेरियम, दोन्ही सकाळी निघून गाठता येतात, त्या प्रवासाचा खर्च बजेटात लिहा. कंटाळा करू नका.

परवानग्या

चोर्ल्याला उभं राहिलं की तीन राज्यं जवळ, म्हणून लोकांना वाटतं एक पत्र पुरेसं. तसं नाही, कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र, तिन्हींच्या वनखात्यांकडं वेगळे अर्ज, आणि भीमगड अभयारण्य असेल तर मुख्य वन्यजीव वॉर्डनची परवानगी. अर्जाबरोबर कन्नडमधलं पत्र जोडा, रेंज ऑफिसात काम सोपं होतं, मला तरी कायम चांगली वागणूक मिळालीय. मंजुरी आल्यावर अर्ज करू असं म्हणणारे पहिला पावसाळा तिथंच घालवतात. अर्ज प्रपोजलबरोबरच टाका.

"डीएनए केला की झालं"

नाही होत. बारकोड, म्हणजे प्रजाती ओळखायला वापरतात तो डीएनएचा छोटा तुकडा, ताडायला ज्या नमुन्याची ओळख पक्की आहे असा नमुना आधी पाहिजे. सगळे पैसे सीक्वेन्सिंगला घालून नमुना फेकून देणारे मी बघितलेत आणि मला त्याचा राग येतो. शिवाय आधी फॉर्मॅलिनमध्ये बुडवून मग डीएनए मागतात. टिश्यू आधी काढून अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये, बाकी अंग नंतर फॉर्मॅलिनला. त्या अल्कोहोलला एक्साइजचं परमिट लागतं, ते आधीच काढा.

अजून काही, थोडक्यात

चिठ्ठी पेन्सिलनं, जाड कागदावर, बरणीच्या आत. झाकणावर नाही.

ठिकाण "बेळगाव जिल्हा" एवढंच लिहू नका. जिल्हा 13,415 चौरस किलोमीटरचा आहे, एका टोकाला कणकुंबीचा धो धो पाऊस आणि दुसऱ्या टोकाला अथणीचं कोरडं माळरान. गाव, सडा का ओढा, जीपीएस, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव.

संशोधनाला पैसे देणाऱ्या केंद्राच्या सर्बचा जुना फॉरमॅट कॉपी करू नका, 2023 च्या कायद्यानं आता त्याच्या जागी एएनआरएफ आलंय.

गावातल्या माणसाला "गाइड" म्हणून चहापाणी देऊन भागवू नका, मजुरी बजेटात लिहा आणि पेपरमध्ये नाव द्या. 2022 साली यल्लापूर भागातला घाटियाना द्विवर्णा हा दोन रंगांचा खेकडा शास्त्राला नवीन म्हणून नोंदला गेला, तो पहिल्यांदा नजरेला पडला वनखात्याच्या एका स्थानिक कर्मचाऱ्याच्या.

ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती असते, त्यांना आधी भेटा आणि शेवटी यादीची प्रत द्या, त्यांच्या लोक जैवविविधता नोंदवहीत ती लागते. दिलेली मी फार कमी वेळा बघितलीय.

आणि नवीन प्रजाती खरंच मिळालीच तर जैवविविधता कायदा 2002, कलम 39 वाचा, नमुना अधिकृत संग्रहात द्यावाच लागतो, कॉलेजच्या कपाटात ठेवून पेपर काढता येत नाही. वनस्पती असेल तर एकाच झाडाचे जास्त कागद करा, एक संच पुण्याला, एक कोल्हापूरला, एक इथं बेळगावात, म्हणजे पुढच्या पोरांना बघायला जवळ काहीतरी असेल. प्राण्यांचं तसं वाटून घेता येत नाही, त्यामुळं तिथं संग्रह आधी ठरवणं जास्त गरजेचं. संग्रहाकडून अ‍ॅक्सेशन नंबर (नमुन्याचा तिथला नोंद क्रमांक) यायला कधी कधी महिने लागतात, म्हणून नमुने प्रोजेक्ट संपायच्या बरेच आधी पाठवा आणि नंबर फायनल रिपोर्टच्या टेबलमध्ये प्रत्येक नावासमोर भरा.