डुकराच्या मांसाचा उग्र वास कसा टाळाल

खच्ची न केलेला नर पाच-सहा महिन्यांत वयात आला की चरबीत मुतासारखा वास उतरतो. मसाल्यानेही तो झाकत नाही. मादीत हा त्रास जवळजवळ नसतो.

1. नर पिल्लं पहिल्या 7 दिवसांत पशुवैद्याकडून खच्ची करून घ्या.

2. कापण्याआधी निदान 4 आठवडे मासळीचा कुटा बंद, नाहीतर चरबीला मासळीचा वास लागतो. याच काळात किलोभर खाद्यात 200 मिलिग्रॅम व्हिटॅमिन ई मिसळा. साठवलेलं मांस लवकर खवट होत नाही.

3. मांस विकत घेताना शंका आली तर पाठीच्या चरबीचा छोटा तुकडा कोऱ्या, कोरड्या तव्यावर तापवा आणि वाफ हुंगा. हुंगायला दोघं-तिघं हवीतच. चरबीत मुतासारखा वास आणणाऱ्या ॲन्ड्रोस्टेनोन या द्रव्याचा वास काहींना मुळीच येत नाही, त्यामुळे एकट्याच्या नाकावर भरवसा ठेवू नका.