युद्धात उशिरा उतरलेल्या देशाचा परिणाम कसा मोजायचा: १९१७ च्या अमेरिकेचं उदाहरण घेऊन

पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की अमेरिकेबद्दल दोनच वाक्यं ऐकू येतात. ‘अमेरिका आली म्हणून दोस्त राष्ट्रं (ब्रिटन, फ्रान्स आणि त्यांचे साथीदार) जिंकली’ आणि ‘अमेरिका आली तोवर सगळं आटोपलं होतं’. दोन्ही तपासता येतात. एक वही, आडवा तक्ता आणि दोन-तीन संध्याकाळी एवढं पुरतं. ही पद्धत कुठल्याही उशिरा उतरलेल्या देशाला लागू पडते. इथे मुख्य उदाहरण अमेरिकेचं घेतलं आहे, कारण तिचे आकडे सर्वांत नीट नोंदले गेले आहेत.

पहिलं काम तारखांचं. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. युद्ध पुकारल्याची तारीख म्हणजे परिणामाची तारीख, असं धरून लोक पुढे जातात. प्रत्यक्षात सहा वेगळ्या तारखा लागतात: युद्धघोषणा, पहिलं कर्ज, पहिलं लढाऊ जहाज, पहिली तुकडी किनाऱ्यावर, पहिली स्वतःची चढाई आणि स्वतःच्या सेनापतीखाली स्वतःची आघाडी. अमेरिकेच्या बाबतीत त्या अशा येतात. घोषणा ६ एप्रिल १९१७. दोस्तांना कर्ज द्यायचा कायदा २४ एप्रिल. आयर्लंडच्या क्वीन्सटाउन बंदरात सहा विनाशिका (वेगवान लढाऊ जहाजं) ४ मे. फ्रान्सच्या सेंट-नझेर बंदरात पहिली डिव्हिजन (हजारो सैनिकांची मोठी तुकडी) जूनअखेर. कांतिन्यीची चढाई २८ मे १९१८. सेंट-मिहिएलला सेनापती पर्शिंगच्या हाताखालची स्वतंत्र अमेरिकन फौज १२ सप्टेंबर १९१८. लढाई थांबली ११ नोव्हेंबरला.

या सहा तारखा एका ओळीत मांडल्या की निम्मं उत्तर डोळ्यांसमोर येतं. पैसा तीन आठवड्यांत पोचला, जहाजं चार आठवड्यांत, आणि स्वतःची आघाडी मिळायला सतरा महिने लागले. म्हणून तक्त्यात पैसा, जहाजं, माणसं आणि हत्यारं असे चार रकाने वेगळे ठेवा. ‘मदत’ असा एकच रकाना केलात तर पुढचं सगळं चुकतं.

पैसा आणि जहाजं

घोषणेआधीची अवस्था नोंदल्याशिवाय पैशाचा रकाना भरू नका. १९१६ च्या शेवटी ब्रिटन अमेरिकेत जी खरेदी करत होता, तिच्यासाठी तारण ठेवायला सोनं आणि रोखे संपत आले होते. त्यातच नोव्हेंबर १९१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने (मध्यवर्ती बँकेने) बँकांना परकीय सरकारांच्या विनातारण हुंड्यांपासून सावध राहायला सांगितलं. एप्रिलच्या कायद्याने दोस्तांना ३ अब्ज डॉलरपर्यंत सरकारी कर्ज खुलं झालं आणि युद्धबंदीपर्यंत हा आकडा सुमारे ७ अब्जांवर गेला. थोडक्यात, पहिला अमेरिकन शिपाई खंदकात उतरण्याआधीच ब्रिटन आणि फ्रान्सचा दारूगोळा अमेरिकन पैशावर चालू होता.

याच रकान्यात आपल्याकडची एक नोंद बसते. युद्धखर्चामुळे हिंदुस्थानात रुपयांची मागणी एवढी वाढली, की १९१८ मध्ये नोटा वटवायला झुंबड उडाली आणि सरकारकडची चांदी तळाला गेली. २३ एप्रिल १९१८ च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने स्वतःचे चांदीचे डॉलर वितळवून सुमारे २० कोटी औंस चांदी इकडे पाठवली. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत तिचे रुपये पडले. युद्धाच्या इतिहासात ही गोष्ट सहसा कोणी मांडत नाही, पण फौजेचा पगार आणि गव्हाची, तागाची खरेदी याच नाण्यांवर चालली होती.

जहाजांच्या रकान्यात एक सावधगिरी हवी. एप्रिल १९१७ मध्ये पाणबुड्यांनी सुमारे ८.६ लाख टन जहाजं बुडवली. वर्षअखेर हा आकडा महिन्याला ४ लाखांच्या आसपास आला. ही घट पूर्णपणे अमेरिकेच्या नावावर लिहू नका. जहाजं ताफ्याने, विनाशिकांच्या पहाऱ्यात न्यायची पद्धत ब्रिटिशांनी स्वीकारली, हे मुख्य कारण. अमेरिकेच्या विनाशिकांमुळे तो पहारा लवकर आणि पुरेसा उभा राहिला. कारणं दोन असतील तर दोन्ही लिहायची आणि कोणतं कशावर अवलंबून होतं तेही लिहायचं.

डोकी मोजू नका, डिव्हिजन मोजा

आता माणसं. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिकेचं नियमित सैन्य सव्वा लाखाच्या आसपास होतं. सक्तीच्या भरतीचा कायदा १८ मे रोजी झाला, पहिली नोंदणी ५ जूनला. फ्रान्सकडे निघालेल्यांचे महिनावार आकडे घ्या: मार्च १९१८ मध्ये सुमारे ८४ हजार, एप्रिलमध्ये १.१९ लाख, मेमध्ये २.४६ लाख, जूनमध्ये २.७९ लाख, जुलैमध्ये ३.०६ लाख. शेवटी तिकडे पोचलेल्यांची संख्या २० लाखांवर गेली.

हे आकडे बघून लगेच निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो टाळा. २१ मार्च १९१८ रोजी जर्मनीने वसंतातला मोठा हल्ला चढवला, तेव्हा फ्रान्समध्ये तीन लाखांच्या घरात अमेरिकन होते. मात्र आघाडीवर उभ्या करता येतील अशा डिव्हिजन चारच होत्या: पहिली, दुसरी, २६ वी आणि ४२ वी. बाकीचे गोदी बांधत होते, रूळ टाकत होते, इस्पितळं उभारत होते किंवा कवायत शिकत होते. पोचलेली माणसं आणि लढू शकणारी माणसं असे दोन उपरकाने करा. प्रशिक्षणाला किमान काही महिने धरा.

दुसरी गफलत डिव्हिजनच्या आकारात होते. अमेरिकन डिव्हिजन सुमारे २८ हजारांची, म्हणजे ब्रिटिश किंवा फ्रेंच डिव्हिजनच्या जवळपास दुप्पट. तेव्हा नकाशावरची एक खूण दोन म्हणून मोजा. एकूण ४२ डिव्हिजन पोचल्या आणि २९ प्रत्यक्ष लढल्या. ताकदीची तुलना करायची तर रायफलधारी पायदळ हे माप बरं पडतं. अमेरिकन युद्धखात्याच्या आकडेवारीनुसार १ एप्रिल १९१८ ला जर्मन बाजू ३ लाख २४ हजार रायफलींनी वरचढ होती, जूनमध्ये पारडं फिरलं आणि नोव्हेंबरपर्यंत दोस्त ६ लाखांहून जास्त रायफलींनी पुढे गेले.

मग एवढी माणसं आणली कोणी? जवळपास निम्मी ब्रिटिश जहाजांतून आली. न्यूयॉर्कला अडकून पडलेलं ‘फाटरलांट’ हे जर्मन प्रवासी जहाज अमेरिकेने जप्त केलं, त्याचं नाव ‘लेव्हायथन’ ठेवलं आणि तेच सैन्य वाहायला जुंपलं. ब्रिटिश जहाजांना मात्र अट होती: संकटाच्या त्या महिन्यांत आधी पायदळ आणि मशीनगनवाले, तोफा-घोडे-मोटारी नंतर. जहाजात माणूस कमी जागा घेतो, घोडा जास्त, त्यामुळे डोक्यांचा आकडा झपाट्याने फुगला. त्याचा हिशेब सप्टेंबरमध्ये अर्गोनच्या जंगलाशी चुकता झाला.

तो प्रसंग जवळून बघण्यासारखा आहे. सेंट-मिहिएलची लढाई संपते न संपते तोच सुमारे सहा लाख माणसं मझ-अर्गोनच्या पट्ट्यात हलवायची होती आणि तिथले सव्वादोन लाख फ्रेंच बाहेर काढायचे होते, तेही फक्त रात्री. योजना कर्नल जॉर्ज मार्शल यांची. आत जाणारे मुख्य रस्ते तीनच. २६ सप्टेंबरला हल्ला सुरू झाला. पहिल्याच दिवशी घ्यायची मॉन्फोकोंची टेकडी दुसऱ्या दिवशी हाती आली. तोफगोळ्यांनी उखडलेल्या, पावसाने चिखल झालेल्या त्या रस्त्यांवर पुढे जाणारा दारूगोळा आणि मागे येणारे जखमी एकमेकांत अडकले. घोडे आणि मोटारी कमी पडल्या. काही दिवसांत हल्ला थांबवावा लागला आणि ४ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाला. ४७ दिवसांत २६ हजारांहून जास्त अमेरिकन मेले. उशिरा आलेल्या फौजेचं हे ठरलेलं दुखणं असतं: पायदळ ताजं, रसद कच्ची.

हत्यारांचा रकाना कोणाच्या कारखान्याचं, या प्रश्नाने भरा. अमेरिकन फौजेने वापरलेल्या सुमारे ३,५०० तोफांपैकी अमेरिकेत बनलेल्या ५०० सुद्धा नव्हत्या. बाकी बहुतेक फ्रेंच, ७५ आणि १५५ मिलिमीटरच्या. हलके रणगाडे फ्रेंच रेनो. हातातली शोशा ही हलकी मशीनगनही फ्रेंचच. तिच्या अर्धचंद्राकृती मॅगझिनची बाजू उघडी, म्हणून चिखल सरळ आत जायचा. अमेरिकन काडतुसासाठी तिची नवी आवृत्ती काढली, तर तिच्या नळीतलं काडतुसाचं घर नीट कोरलेलं नसल्याने तापल्यावर रिकामी काडतुसं आतच अडकू लागली. ज्याच्याकडे जगातली सर्वांत मोठी कारखानदारी, त्याचे शिपाई उसन्या हत्यारांवर लढले, कारण कारखाना युद्धासाठी बदलायला दीड-दोन वर्षं लागतात आणि तेवढा वेळच मिळाला नाही.

शत्रूचं कॅलेंडर

आमच्या मते सर्वांत मोलाचा रकाना हाच आणि बहुतेक जण तोच रिकामा सोडतात. नव्या देशाच्या येण्याने शत्रूने आपल्या तारखा कशा बदलल्या, ते शोधा.

सुरुवात ९ जानेवारी १९१७ पासून करा. प्लेस इथल्या लष्करी मुख्यालयातल्या बैठकीत जर्मनीने सरसकट पाणबुडीयुद्धाचा निर्णय घेतला. नौदलाचा हिशेब असा: महिन्याला ६ लाख टन बुडवायचे, पाच महिन्यांत ब्रिटन वाकेल. अमेरिका युद्धात येईल हे गृहीत होतं, पण ती वेळेत पोचणार नाही यावर डाव लावला होता. डाव फसला. मग ११ नोव्हेंबर १९१७ ला बेल्जियमच्या मॉन्समध्ये जर्मन सेनानींचं ठरलं की रशियाकडून मोकळ्या होणाऱ्या डिव्हिजन पश्चिमेला आणायच्या आणि अमेरिकन मोठ्या संख्येने येण्याआधी घाव घालायचा. मार्च ते जुलै १९१८ च्या त्या हल्ल्यांत जर्मनीने आपलं उत्तम पायदळ खर्ची घातलं. अमेरिकेच्या सैन्याने नव्हे, तर त्याच्या वेळापत्रकाने जर्मनांना खंदकांबाहेर काढलं.

मित्राचं कॅलेंडरही तपासा. एप्रिल १९१७ चा फ्रेंच सेनापती निव्हेलचा हल्ला फसला, फ्रेंच सैन्यात बंड झालं आणि त्याच्या जागी आलेल्या पेतांने मोठे हल्ले थांबवले. रणगाडे आणि अमेरिकन येईपर्यंत दम धरायचा, हे त्याचं धोरण. म्हणजे १९१७ मध्ये अमेरिकन फारसे लढले नाहीत, तरी फ्रान्सने लढाई लांबवली ती त्यांच्या भरवशावर.

लढायांवर पडताळा

तक्ता भरला की १९१८ च्या चार-पाच लढाया घ्या आणि प्रत्येकीला विचारा: हे लोक नसते तर ही जागा कोणी भरली असती? सोआसोंजवळच्या १८ जुलैच्या प्रतिहल्ल्यात पहिली आणि दुसरी अमेरिकन डिव्हिजन फ्रेंच सैन्यातल्या मोरोक्कन डिव्हिजनच्या दोन्ही बाजूंना होती. तिथे पर्याय सापडत नाही. ८ ऑगस्टला आमियाँजवळ कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन, ब्रिटिश आणि फ्रेंच पुढे होते, अमेरिकनांचा वाटा १३१ व्या रेजिमेंटपुरता. तिथे ‘अमेरिकेमुळे’ म्हणणं चूक. शांत पट्ट्यांत अमेरिकन बसवून फ्रेंच डिव्हिजन मोकळ्या झाल्या, हा तिसरा प्रकार. तो लढायांच्या यादीत कधीच दिसत नाही.

कुठे परिणाम नाही, तेही लिहा. अमेरिकेने तुर्कस्तान किंवा बल्गेरियाशी युद्ध पुकारलंच नाही. मराठा पलटणी ज्या मेसोपोटेमियात झुंजत होत्या, तिथलं बगदाद ११ मार्च १९१७ ला, अमेरिकेच्या घोषणेच्या आधीच, पडलं होतं.

आणि रोगराईचा रकाना विसरू नका. गच्च भरलेल्या जहाजांत आणि छावण्यांत १९१८ च्या शरदात इन्फ्लुएंझा पसरला. युद्धकाळात लढाईत मेलेल्या अमेरिकन सैनिकांपेक्षा रोगाने आणि इतर कारणांनी मेलेले जास्त निघाले.

शेवटी हाच तक्ता रुमानियावर चालवून बघा, म्हणजे त्यात बेरजेबरोबर वजाबाकीही असते हे कळेल. रुमानिया दोस्तांच्या बाजूने २७ ऑगस्ट १९१६ ला उतरला. सेनापती ब्रुसिलोव्हच्या ऑस्ट्रियावरच्या रशियन मुसंडीला जूनमध्ये सुरुवात झाली होती आणि तिचा जोर तोवर ओसरत आला होता. दोन महिने आधी हाच देश ऑस्ट्रियाला भारी पडला असता. पहिला परिणाम जर्मनीच्या मुख्यालयात दिसला: दोनच दिवसांत सरसेनानी फाल्केनहाइनला पायउतार व्हावं लागलं आणि हिंडेनबुर्ग-लुडेनडॉर्फ आले. त्याच फाल्केनहाइनने मग ट्रान्सिल्व्हेनियाकडून आणि जर्मन सेनानी माकेन्सेनने दक्षिणेकडून चेपून ६ डिसेंबरला बुखारेस्ट घेतलं. रशियाला आपली आघाडी काळ्या समुद्रापर्यंत ताणावी लागली. ब्रिटिशांनी रुमानियातल्या प्लोएश्तीच्या तेलविहिरींची नासधूस केली खरी, पण जर्मनांनी त्या दुरुस्त करून पुढच्याच वर्षी तेल काढायला सुरुवात केली.