मंडळीत नाव घालण्याआधी प्रेसबिटरी बघून या

मिरज-कोल्हापूरकडचं एखादं कुटुंब न्यू जर्सीत आमच्या प्रेसबिटेरियन (एका प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, यायला लागलं की दोन-चार रविवारांत प्रश्न येतोच. इमारत आपली, अर्पण आपलं, पाळकही (पास्टर) आपणच निवडलेले. मग वर प्रेसबिटरी (आसपासच्या मंडळ्यांचे पाळक आणि वडील यांची संस्था), सिनड (अनेक प्रेसबिटरींचा गट), जनरल असेंब्ली (साऱ्या पंथाची सभा) कशाला? मी सेशनची, म्हणजे मंडळीनं निवडलेल्या वडिलांच्या (एल्डरांच्या) मंडळाची, क्लार्क आहे. इतिवृत्त आणि रजिस्टरं माझ्याकडे असतात. म्हणून मी कागद पुढे ठेवते. तुमची मंडळी आमच्याच प्रेसबिटेरियन चर्च यू.एस.ए. या संघटनेतली असेल तर तुमच्या क्लार्ककडे हेच मागा.

आधी सभासदांचं रजिस्टर बघा. त्यात पाळकसाहेबांचं नाव सापडणार नाही. त्यांचं सभासदत्व प्रेसबिटरीत असतं. मंडळी शोधसमिती नेमते, मतदान करते, पण नेमणुकीला प्रेसबिटरीची संमती लागते; पदावरून दूर करायलाही लागते. मंडळीतल्या चार वजनदार घरांचं पाळकांशी बिनसलं म्हणून त्यांना रातोरात घालवता येत नाही. आणि पाळकच मनमानी करू लागले, तर सामान्य सभासदाला दाद मागायला मंडळीबाहेर जागा असते. या एका सोयीसाठीसुद्धा मी प्रेसबिटेरियन राहीन.

मग इतिवृत्ताची वही. दरवर्षी ती प्रेसबिटरीकडे तपासणीला जाते. आमच्याकडे आसपासच्या मंडळ्यांच्या क्लार्क एका हॉलमध्ये जमतात, वह्यांची अदलाबदल करतात आणि पेन्सिल घेऊन बसतात. गणसंख्या होती का? बाप्तिस्म्याला सेशनची मंजुरी आहे का, आणि तो रजिस्टरात चढला का? प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) ठरावानं ठरलं का? हिशेब तपासून घेतले का? एका वहीत पाळकांच्या पगारातला बदल सेशननं मंजूर केलेला होता, पण मंडळीच्या सभेची मंजुरी कुठेच नव्हती. तो अधिकार मंडळीचा. समासात शेरा गेला, सभा बोलावली गेली, ठराव झाला. लोकांचा हक्क शाबूत राहिला, तोही शेजारच्या मंडळीतल्या बाईंच्या पेन्सिलीमुळे.

अंदाजपत्रकात ‘पर कॅपिटा’ नावाची ओळ शोधा. सभासदसंख्येवर काढलेली ही रक्कम प्रेसबिटरी, सिनड आणि जनरल असेंब्लीच्या कामाला जाते. नव्या लोकांना सगळ्यात जास्त हीच खटकते. तेव्हा मी त्यांना त्यांच्याच गावची गोष्ट सांगते. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले. पुढे त्यांच्या मिशन बोर्डानं हात काढून घेतला आणि कित्येक वर्षं त्यांनी ते काम स्वतःच्या हिमतीवर रेटलं. माणूस जिद्दीचा, पण एका माणसाच्या जिद्दीवर किती दिवस चालणार? 1870 मध्ये ते काम अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियन बोर्डाकडे गेलं. त्याच बोर्डानं पुढे डॉ. विल्यम वॉन्लेस यांना पाठवलं आणि 1894 मध्ये मिरजेचं हॉस्पिटल उभं राहिलं. मिरजेत जन्मलेल्या कित्येकांना पहिल्यांदा हातात घेणारी नर्स, अमेरिकेतल्या लहान लहान मंडळ्यांनी वर पाठवलेल्या पैशामुळे तिथे उभी होती.

इमारतीचं कलम अवघड आहे. ते आधीच वाचून घ्या. मालमत्ता मंडळीच्या नावावर असली तरी ती संपूर्ण चर्चसाठी विश्वस्त म्हणून धरलेली असते. विकायची किंवा गहाण टाकायची तर प्रेसबिटरीची परवानगी हवी. पंथातून बाहेर पडणाऱ्या मंडळ्यांचे यावरून वाद झाले आहेत, कोर्टकचेऱ्याही झाल्या आहेत. तरी मला कलम योग्य वाटतं. आज मतदानाला हजर असलेल्यांनी ती वास्तू एकट्यांनी बांधलेली नसते.

शेवटी प्रेसबिटरीच्या एका बैठकीला जाऊन बसा. तारीख क्लार्क सांगेल. पाळक आणि मंडळ्यांनी पाठवलेले वडील तिथे शेजारी शेजारी बसतात, मत दोघांचं सारखंच. अमेरिकेतली पहिली प्रेसबिटरी 1706 साली फिलाडेल्फियात भरली. पहिली जनरल असेंब्ली 1789 मध्ये, म्हणजे प्रेसबिटरी तिच्याहून जुनी. आजही जनरल असेंब्लीनं चर्चच्या नियमपुस्तकात बदल सुचवला तर तो सगळ्या प्रेसबिटरींकडे मतदानाला येतो आणि निम्म्याहून अधिक प्रेसबिटरींनी होकार दिला तरच लागू होतो. उलट वाटही खुली आहे: तुमच्या सेशननं केलेला ठराव प्रेसबिटरीला पटला, तर तो तिच्यामार्फत जनरल असेंब्लीपर्यंत जाऊ शकतो.

जाताना कार्यक्रमपत्रिका आधी मागवून घ्या आणि पाळकांच्या परीक्षेची बाब असलेली बैठक निवडा. नव्या उमेदवाराला तिथे सर्वांदेखत त्याच्या विश्वासाबद्दल प्रश्न विचारतात, आणि एखाद्या खेड्यातल्या मंडळीचे वडील उठून विचारतात तो प्रश्न बहुतेक वेळा सगळ्यात नेमका असतो. सभासदत्वाच्या वर्गाला त्यानंतर या.