पोट्ट्यायले कुरूप पिल्लाची गोष्ट कशी सांगायची

संध्याकाळी लाइट गेली का पोट्टे अंगणात बाजेवर जमतेतच, तवा सांगा. डेन्मार्कचा लेखक हान्स अँडरसन, त्याची 1843 ची गोष्ट हाये, पण शेवट घाईत गुंडाळू नका, खरी गंमत तिथंच हाये न बापा, पिल्लू हंसायकडे जाते ते काई कॉन्फिडन्सनं नाई, हे मले मारून टाकतीन असं समजून मान खाली घालते अन् तवाच पाण्यात सोताचं रूप दिसते. इथं थांबा. विचारा, हंस भेटलेच नसते तर? कोणी म्हणन तो मुळातच हंस होता, कोणी म्हणन त्याले आपले लोक भेटले. भांडू द्या. मले तर वाटते संगत आधी, भरवसा मागून. मधात पिल्लाले घरात ठेवते ते मांजर-कोंबडीवाली म्हातारी मात्र गाळू नका, घर भेटूनबी त्याचं जमलं नाई ते तिथंच समजते.