हातमोजे काढताना

वॉर्डात नवीन आलेल्यांना मी आधी हातमोजे काढायला शिकवते. घालता सगळ्यांनाच येतात. एका मोज्याची मनगटाजवळची बाहेरची कड चिमटीत धरा, उलटा करत ओढा, दुसऱ्या मुठीत गोळा करा. आता उघडं बोट उरलेल्या मोज्याच्या आत सरकवून तोही उलटा काढा, म्हणजे पहिला त्याच्या पोटात जातो. थेट डब्यात टाका.

मग हात. सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळा. अंगठे आणि बोटांची टोकं हमखास राहतात. रुग्णाला जुलाब असतील तर मात्र साबण-पाणीच, ४० ते ६० सेकंद, कारण काही जंतूंचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत.

मोजे घालून फोन उचलू नका. मी उचलला होता. घरी तोच कानाला लावल्यावर आठवलं.