जुन्या गाडीचा स्पीडोमीटर बंद पडला तेव्हा
आमच्या जुन्या गाडीच्या, केबलवर (गिअरबॉक्सचे फिरणे मीटरपर्यंत नेणाऱ्या तारेवर) चालणाऱ्या स्पीडोमीटरचा काटा शून्यावर थांबला, तेव्हा मी आधी किलोमीटरचे आकडे पाहिले. काटा आणि आकडे एकाच केबलवर चालतात; तेही पुढे सरकत नसल्याने दोष मीटरपेक्षा केबलमध्ये किंवा गिअरबॉक्सकडील दातेरी चाकात असण्याची शक्यता अधिक होती. मागच्या चाकांना दगड लावून पुढचे चाक जॅकवर उचलले, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली आणि मीटरमागून केबल सोडवून चाक हाताने फिरवले. आतली तार फिरली नाही. ओढताच ती अर्धीच हातात आली. तुटलेल्या टोकाचे पीळ झाडूसारखे पसरले होते. दातेरी चाक शाबूत होते. नवी केबल तीव्र वळण टाळून बसवली आणि तारेला ग्रीसचा पातळ हात दिला, मात्र मीटरकडील टोक कोरडेच ठेवले (मला हीच काळजी सर्वांत महत्त्वाची वाटते), कारण ग्रीस वर चढून मीटरमध्ये शिरले की काटा चुकीचा वेग दाखवू लागतो.