गोड ज्वारीच्या बियाण्याला जिवाणूंची जोड

गोड ज्वारीच्या ताटांतील रसापासून इथेनॉल बनते, पीक साधारण चार महिन्यांत निघते आणि त्याला उसापेक्षा कितीतरी कमी पाणी लागते. म्हणून सोलापूरसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात त्याचा गांभीर्याने विचार व्हावा, असे मला मनापासून वाटते. अडचण आहे ती खरिपातील पावसाच्या खंडाची. पाण्याचा ताण पडला की झाडात इथिलीन हे वायुरूप संप्रेरक वाढून मुळांची वाढ खुंटते. मुळांलगतचे काही जिवाणू, इथिलीन ज्यापासून तयार होते तो पदार्थच फोडून टाकतात आणि मुळे खोल जात राहतात. अझोस्पिरिलम या जिवाणूमुळे बारीक मुळ्या वाढतात, तर मायकोरायझा बुरशीचे तंतू, मूळ शिरू शकत नाही अशा फटींतून ओल व स्फुरद (फॉस्फरस) ओढून आणतात.

काणी या बुरशीजन्य रोगासाठी बियाण्याला किलोमागे 4 ग्रॅम गंधक आधी चोळावे; जिवाणू नेहमी शेवटी लावावेत. एक लिटर पाण्यात 125 ग्रॅम गूळ उकळून द्रावण पूर्ण थंड होऊ द्यावे, कारण गरम द्रावणात जिवाणू दगावतात. किलोभर बियाण्यावर हे द्रावण बेताने शिंपडून अझोस्पिरिलम व स्फुरद विरघळवणारे जिवाणू प्रत्येकी 25 ग्रॅम हलक्या हाताने चोळावेत. दाण्यावर काळसर, पातळ थर बसला आणि दाणे एकमेकांना चिकटले नाहीत, म्हणजे प्रमाण जमले. बियाणे गोणपाटावर सावलीत सुकवून त्याच दिवशी वापशावर, म्हणजे जमीन चिखल नसून पुरेशी ओली असताना, पेरावे.

जिवाणूंच्या पाकिटावरील अंतिम तारीख अवश्य पाहावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर असतो. अशा उन्हात गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेले पाकीट मी तरी वापरणार नाही. मायकोरायझा मुळांशी पोचावी म्हणून ती बियाण्याजवळ, ओळीतच पडली पाहिजे आणि स्फुरदाचा मोठा डोस तिच्या वाढीला मारक ठरतो, हेही लक्षात घ्यावे.

हे जिवाणू पाण्याची जागा घेत नाहीत. जमिनीत ओल शिल्लक असेल तरच ते पिकाला ती मिळवून देतात. म्हणून फरक पाहण्यासाठी त्याच रानात चार ओळी प्रक्रिया न करता पेराव्यात. खंड पडून पंधरा दिवस झाले की दोन्हीकडचे एकेक ताट कुदळीने अलगद उपटून मुळे हलकेच झटकावीत. जिवाणूंचा चिकट स्राव असेल, तर झटकल्यावरही मुळांना मातीचे ओलसर वेष्टण धरून राहिलेले दिसते. मुळांची लांबी व दुपारी पाने किती गुंडाळतात हे वहीत टिपावे, आणि त्या नोंदीवरूनच पुढच्या हंगामाचा खर्च ठरवावा.